जुना मेन्स्ट्रुअल कप टाकायचा कुठे?

रानजाई

नमस्कार मंडळी. मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचं रक्त साठवायला शरीरात आत बसवायचा लवचीक कप, कुठला घ्यावा, घडी कशी घालावी, पहिल्यांदा वापरताना काय होतं यावर इथे भरपूर लिहून झालंय. मला विचारायचंय ते कपाचं आयुष्य संपल्यावर काय करायचं याबद्दल.

माझा कप मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा आहे. खूप वर्षं इमानेइतबारे साथ दिली. आता त्याच्या कडेला बारीक चीर गेली आहे आणि उकळून वाळवला तरी हाताला चिकट लागतो, म्हणून नवा घेतला. जुना डबीत पडून आहे.

मी पुण्यात कोथरूडला राहते. आमच्याकडे ओला-सुका वेगळा देतो, सॅनिटरी कचऱ्याची पुडी वेगळी असते. कप यातल्या कशात बसतो? सुक्यात टाकला तर वर्गीकरण करणाऱ्या ताईंच्या हातात तो जाणार आणि हे नेमकं काय आहे ते त्यांना कळणार नाही. पॅडच्या पुडीत टाकला तर तो जाळायला जाईल, मग सिलिकॉन जाळणं बरं की वाईट? भंगारवाला घेतो का? मातीत पुरला तर चालेल का?

एवढी वर्षं पॅड टाळले ते कचरा नको म्हणूनच. आता शेवटी कप कुठेतरी भिरकावून द्यायचा हे मनाला पटत नाही. ज्यांनी जुना कप टाकला आहे त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा.

निशिगंधा

रानजाई, तुझ्या कपाला चीर आहे म्हणजे तो बाद करायलाच हवा. चिरेत रक्त अडकून राहतं आणि उकळूनही ते पूर्ण निघेल याची खात्री नाही. पण धागा वाचणाऱ्या इतर जणींसाठी आधी हे लिहिते, कारण माझ्या ओळखीत दोघींनी चांगले कप नुसते पिवळे पडले म्हणून टाकून दिले.

रंग बदलला म्हणजे कप खराब झाला असं नाही. पिवळा, तपकिरी, अगदी चहाच्या रंगाचा झाला तरी सिलिकॉन शाबूत असतं. बघायचं ते हे: कड गुळगुळीत आहे का, दांडीच्या मुळाशी फाटलंय का, पृष्ठभाग चिकट किंवा भुकटी सुटल्यासारखा झालाय का, उकळल्यावरही वास राहतो का, आणि घडी सोडल्यावर तो पहिल्यासारखा उघडतो का. वरच्या कडेखालची बारीक भोकं पाण्याने भरलेला कप दाबून साफ करता येतात. वास बऱ्याचदा तिथूनच येतो.

डागांसाठी औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, कंपनीच्या पत्रकात मनाई नसेल तर. बाटलीवरची टक्केवारी आधी वाचा. ३ टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी घाला, ६ टक्क्यांचं असेल तर तिप्पट. रात्रभर बुडवून ठेवा, मग खळखळून धुवा आणि उकळा. त्यानंतर थोडा वेळ उन्हात ठेवला तर रंग आणखी उतरतो.

कप आणखी काही वर्षं वापरणं हा कचरा कमी करण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. बाकीचं सगळं त्यानंतर.

गोदाकाठ

मी पुरुष आहे, इथे लिहू की नको असा विचार करत होतो. घरात बायको आणि मुलगी दोघीही कप वापरतात, म्हणून लिहितो. एक कप म्हणजे वीस ग्रॅमच्या आत-बाहेर वजन. आमच्या घरातून एका दिवसात याहून जास्त दुधाच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं जातात. दहा वर्षांतून एकदा टाकायच्या वस्तूची इतकी चिंता करावी का? मनापासून विचारतोय, कुणाला कमी लेखायचं नाही.

निशिगंधा

गोदाकाठ, जरूर लिहा, संकोच नको. तुमचं म्हणणं वजनाच्या बाबतीत खरं आहे. हिशेब मांडून बघा. वर्षाला १३ पाळ्या आणि एका पाळीला १५ पॅड धरले तर वर्षाला १९५, दहा वर्षांत १९५० पॅड. एक पॅड दहा ग्रॅमचं धरलं तर साडेएकोणीस किलो, तेही वापरण्यापूर्वीचं वजन. त्यापुढे कप वीस ग्रॅम. कप सरळ कचऱ्यात गेला तरी बचत झालेलीच आहे. कुणी अपराधी वाटून घेऊ नये.

पण रानजाईच्या प्रश्नात दुसरीही गोष्ट आहे, तो कुणाच्या हातात पडतो ही. ती वजनाने मोजता येत नाही.

बेलापूरपट्टी

मी रबर उद्योगात काम करते, सिलिकॉन रोज हाताखालून जातं. थोडं सविस्तर लिहिते, कारण "सिलिकॉन वाळूपासून बनतं म्हणून ते नैसर्गिक आहे, मातीत मिसळून जातं" असं जाहिरातींत वाचलंय आणि ते दिशाभूल करणारं आहे.

सुरुवात वाळूतल्या सिलिकापासून होते हे खरं. पण तो क्वार्ट्झ विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर तापवून आधी सिलिकॉन मूलद्रव्य काढतात. त्यावर मिथाइल क्लोराइडची क्रिया करून क्लोरोसिलेन बनवतात आणि त्यातून पुढे सिलिकॉन पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू. भट्टीला प्रचंड वीज लागते. म्हणजे वाळू ते कप हा प्रवास चांगलाच खर्चिक आहे.

साध्या प्लास्टिकच्या साखळीचा कणा कार्बनचा असतो. कपाच्या सिलिकॉनचा कणा सिलिकॉन मूलद्रव्य आणि ऑक्सिजन एकाआड एक असा असतो. म्हणून ते उकळत्या पाण्याला, उन्हाला, साबणाला दाद देत नाही आणि शरीरात सुरक्षित राहतं. याच गुणामुळे मातीतले जीवाणू त्याला खाऊ शकत नाहीत. कप पुरला तर तुमच्या पुढच्या पिढीला तो जवळपास तसाच सापडेल. जमिनीला विष होणार नाही, पण खतही होणार नाही. कंपोस्टच्या टोपलीत टाकू नका.

आता पुनर्वापराचं. दूध पिशवीचं प्लास्टिक वितळवून नवी वस्तू होते. सिलिकॉन रबराच्या साखळ्या साच्यात एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात, ते वितळतच नाही. भाजलेल्या पोळीची पुन्हा कणीक होत नाही, तसं. त्यामुळे भंगारवाल्याला त्याचा उपयोग नाही. कारखान्यांतलं सिलिकॉन स्क्रॅप दळून भरण म्हणून वापरतात किंवा उत्प्रेरकाबरोबर तापवून त्यातून सिलिकॉन तेल परत काढतात. पण त्याला एकाच जातीचा, स्वच्छ माल टनांनी लागतो. घराघरांतून आलेला एकेक कप त्या साखळीत शिरत नाही.

एक आशेची बातमी आहे. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक पद्धत प्रसिद्ध केली. गॅलियमचा उत्प्रेरक आणि बोरॉन ट्रायक्लोराइड वापरून त्यांनी वापरलेल्या सिलिकॉनपासून थेट क्लोरोसिलेन परत मिळवले, तेही सुमारे ४० अंश सेल्सिअसला आणि ९७ टक्के उताऱ्याने. म्हणजे विजेच्या भट्टीची पायरी वगळून मधूनच सुरुवात करता येईल. ही पद्धत अजून प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे आणि बोरॉन ट्रायक्लोराइड अत्यंत विषारी, घरात कुणी काही करून बघण्यातलं नाही. पण म्हणून मी माझे जुने साचे आणि कप फेकत नाही, एका डब्यात साठवते. सिलिकॉन ठेवून सडत नाही.

सड्यावरची

बेलापूरपट्टीताई, छान समजावून सांगितलंत. माझा प्रश्न गावाकडचा आहे. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो, वाडीपर्यंत घंटागाडी येत नाही. ओलं सगळं माडांच्या आळ्यात जातं, बाटल्या आणि पत्रा वर्षातून एकदा येणारा भंगारवाला नेतो आणि उरलेलं परसात जाळतात. पॅडसुद्धा जाळतात, तो धूर कसा असतो ते ज्यांनी सोसलाय त्यांना माहीत आहे. त्याच कारणाने मी आणि जाऊबाई कपावर आलो.

कुठेतरी वाचलं की सिलिकॉन जाळलं तर नुसती पांढरी राख उरते. मग पाण्याच्या बंबात टाकला तर चालेल का?

बेलापूरपट्टी

सड्यावरची, अर्धी गोष्ट बरोबर आहे. पूर्ण जळालं तर सिलिकॉनचा पांढरा सिलिका, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. त्यात क्लोरीन नसल्यामुळे पीव्हीसी जाळल्यावर होतात तसे डायॉक्सिन हे विषारी पदार्थ त्यातून तयार होत नाहीत. काही परदेशी कंपन्या शेकोटीत जाळा असं सांगतात ते या जोरावर.

अडचण 'पूर्ण' या शब्दापाशी आहे. बंबात किंवा चुलीत ना तेवढी उष्णता सगळीकडे सारखी, ना हवा पुरेशी. अर्धवट जळताना फॉर्मल्डिहाइडसारखे वायू सुटतात आणि सिलिकाची अगदी बारीक पांढरी धूळ धुरात उडते. ती नाकातोंडात जाऊ नये. बंबाशी बसणारं माणूस बहुतेक घरातली बाईच असते. शिवाय ती राख आपण भांडी घासायला किंवा झाडांना घेतो. तेव्हा नको.

तुमच्या ठिकाणी मी काय केलं असतं ते सांगते. कप उकळून, वाळवून डब्यात टाकून ठेवला असता. दोघी जावांचे मिळून दोन कप, त्याला जागा ती किती लागणार? रत्नागिरी-चिपळूणला किंवा मुंबईला जाणं होईल तेव्हा तिथल्या सुक्या कचऱ्यात द्यायचा. घाई करावी अशी ही वस्तूच नाही, तिला वास नाही, माश्या नाहीत.

अनघा_कोथरूड

रानजाई, मी तुझ्याच भागातली. पुण्यात कचरावेचकांबरोबर बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करते, म्हणून तुझ्या प्रश्नातल्या "ताईंच्या हातात जाणार" या ओळीपाशी थांबले. बहुतेकांच्या मनात हा विचार येत नाही.

पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था उभी राहिली, तिचा महापालिकेशी करार २००८ चा. दारोदार येऊन कचरा घेणाऱ्या या बाया तो हाताने वेगळा करतात. उघडे पॅड आणि डायपर त्यात मिसळलेले असायचे. २०१३ मध्ये वेचकांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांच्या कार्यालयांना पाठवून दिले. तुमचा माल, तुम्हीच बघा याचं काय करायचं. त्या काळात त्या धाडसाची दखल फार कमी लोकांनी घेतली. पुड्यांवर लाल ठिपका काढायची मोहीम याच खटपटीतून आली. ठिपका दिसला की ताई ती पुडी उघडत नाहीत, एवढा साधा त्याचा उपयोग.

नियमाचं सांगायचं तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले पॅड, डायपर नीट गुंडाळून, ओल्यात न घालता वेगळे देण्याची जबाबदारी घरावर टाकली होती. कंपन्यांनी त्यासाठी पाकिटं द्यावीत असंही त्यात होतं. मुंबई महापालिकेनेही २०२५ मध्ये नोंदणी करून सॅनिटरी कचरा वेगळा नेण्याची सेवा सुरू केली. कपाचा वेगळा उल्लेख मात्र मला कुठे दिसला नाही.

माझं मत असं. उकळलेला, कोरडा कप हा सॅनिटरी कचरा नाही. त्यात रक्त नाही, त्याच्यापासून कुणाला काही होणार नाही. लाल ठिपका लावून तो जाळायला पाठवायची गरज नाही. तो सुक्यातला, पण विकला न जाणारा माल आहे, चपला आणि फुटके रबरी पाइप असतात त्या गटातला. देताना तीन गोष्टी करा. दहा मिनिटं उकळा. कात्रीने उभा चिरून तीन-चार तुकडे करा, म्हणजे कुणी खेळणं समजून पोराला देणार नाही आणि कुणी चांगला दिसतो म्हणून पुन्हा वापरणार नाही. हे दुसरं मी उगाच लिहीत नाही, टाकलेल्या वस्तू धुऊन वापरणं ही गरिबीतली रोजची गोष्ट आहे. आणि जमलं तर ताईंना हातात देताना सांगा, हे काय आहे ते.

शेवटचं ऐच्छिक आहे, पण करून बघाच. मी सांगितलं तेव्हा आमच्या शेडमधल्या चौघीजणी भोवती जमल्या. दिवसभराच्या फेऱ्या, मध्ये कुठे संडास नाही, पॅड बदलायला आडोसा नाही. बारा तास बदलावा लागत नाही हे ऐकल्यावर त्यांचे प्रश्न संपेनात. कपाची सगळ्यात जास्त गरज कुणाला आहे हे मला तेव्हा कळलं.

रानजाई

अनघा, तुझा प्रतिसाद वाचून डोकं एकदम स्वच्छ झालं. "उकळलेला कप हा सॅनिटरी कचरा नाही" हे वाक्य मला कुठेच मिळालं नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या ताईंशी मी एवढी वर्षं दिवाळीच्या फराळापलीकडे बोललेच नव्हते. यावेळी बोलेन.

मांडवीतीर

गोव्याहून. आमच्याकडे सुका कचरा गोळा होऊन त्यातलं विकलं न जाणारं कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जातं. मग रानजाईच्या कपाचे तुकडे तिथे गेले तर ते चांगलं की वाईट?

बेलापूरपट्टी

मांडवीतीर, उत्तम प्रश्न. माझ्या मते सिलिकॉनसाठी आज उपलब्ध असलेला हा सर्वांत चांगला शेवट आहे. सिमेंटच्या भट्टीत माल साधारण १४५० अंशांपर्यंत तापतो, ज्वाला त्याहून गरम. तिथे काही अर्धवट जळत नाही. आणि जळून उरणारा सिलिका हा सिमेंटचाच एक मुख्य घटक आहे, चुनखडीबरोबर तो लागतोच. म्हणजे राख टाकायला जागा शोधावी लागत नाही, ती सिमेंटमध्ये जाते. पुण्यातल्या सुक्या कचऱ्यातलाही काही भाग इंधन म्हणून सिमेंट कारखान्यांकडे जातो. म्हणून अनघाने सांगितलेला 'सुक्यातला, न विकला जाणारा' हा रस्ता मला पटतो.

एकच काळजी: कप वेगळा पकडला गेला पाहिजे. ओल्यात गेला तर तो खताच्या चाळणीवर अडकेल आणि तिथून डेपोत.

ऱ्हाइनकाठची

जर्मनीहून थोडी भर. इथे बिनप्रक्रियेचा घरगुती कचरा जमिनीत भरायला २००५ पासून बंदी आहे. त्यामुळे कप 'रेस्टम्युल' म्हणजे उरलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, तो वीज आणि उष्णता तयार करणाऱ्या भट्टीत जातो. पिवळ्या पिशवीत टाकायचा नाही, कारण ती फक्त वेष्टनांसाठी असते. माझ्या मैत्रिणी सिलिकॉन प्लास्टिकसारखं दिसतं म्हणून हमखास पिवळ्यात टाकतात आणि तिथे तो नुसता अडथळा होतो.

इथे पर्यावरणाबद्दल इतकी जागरूकता असूनही कपासाठी वेगळी सोय नाही, तो जळतोच. तेव्हा भारतात काही नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

सह्यकन्या

माझा कप सिलिकॉनचा नाही असं आता लक्षात येतंय. खोक्यावर 'टीपीई' लिहिलंय. आणि आईने कधीकाळी परदेशातून आणवलेला एक तपकिरी रबरी कप घरात आहे. यांना वरचे सगळे नियम लागू होतात का?

बेलापूरपट्टी

सह्यकन्या, दोन्ही वेगळे. टीपीई म्हणजे थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर, हे वितळतं, तेव्हा तत्त्वतः त्याचा पुनर्वापर होऊ शकतो. पण प्लास्टिकच्या त्रिकोणातल्या ७ क्रमांकाच्या 'इतर' गटात ते येतं आणि तो गट भंगारात कुणी घेत नाही. व्यवहारात त्याचाही रस्ता तोच, सुका, न विकला जाणारा. हे मात्र उघड्यावर अजिबात जाळू नका, काळा धूर होतो आणि वितळलेले थेंब पडतात.

तपकिरी रंगाचा असेल तर तो नैसर्गिक रबराचा असणार. कप मुळात रबराचेच होते, अमेरिकेत लिओना चाल्मर्स या बाईंनी १९३७ मध्ये पेटंट घेतलं ते रबरी कपाचं. सिलिकॉन फार नंतर आलं. नैसर्गिक रबर मातीत कुजतं, पण गंधक घालून पक्कं केलेलं असल्यामुळे फार हळू. कंपोस्टमध्ये नको, बागेच्या कोपऱ्यात बारीक तुकडे करून पुरला तर चालेल, खायच्या भाज्यांपासून लांब. आणि इतका जुना रबरी कप वापरू मात्र नका, रबर वयाने तडकतं.

हातखंडा

मी टाकलाच नाही. उकळून, वरची कड गोल कापून घेतली, ती कडी इस्त्रीची वायर बांधायला वापरते. उरलेल्या भागाचे चौकोनी तुकडे शिलाई मशीनच्या पायांखाली ठेवले, मशीन फरशीवर सरकायचं ते थांबलं. बरणीचं घट्ट झाकण उघडायला तर सिलिकॉनच्या तुकड्यासारखी पकड कशाचीच नाही. छोटं निवडुंग लावायचं तर तळाला भोक पाडून कुंडीही होते, पण एवढीशी कुंडी लगेच सुकते, मला ते टिकाऊ वाटलं नाही.

एक सूचना: सिलिकॉनला बारीक काप गेला की ते तिथूनच पुढे फाटत जातं. ताण पडेल अशा जागी वापरू नका.

सड्यावरची

हातखंडा, बरणीची कल्पना आवडली. पण खरं सांगू का, आमच्या घरात हे स्वयंपाकघरात नाही चालणार. सासूबाईंनी कप स्वीकारला हेच मोठं आहे. पाळीच्या चार दिवसांत चुलीशी न जाण्याचे दिवस पाहिलेल्या त्या बाई, आता कप उकळायला वेगळं पातेलं स्वतःहून काढून देतात. त्यांना बरणीपर्यंत ओढत नेणं मला योग्य वाटत नाही. मशीनच्या पायाखाली मात्र नक्की लावेन.

हातखंडा

अगदी बरोबर. घरातल्या माणसांना धरून चालावं. मलाही सुरुवातीला कसंतरीच वाटलं होतं, म्हणून स्वयंपाकघरातला तुकडा मी न वापरलेल्या, माप चुकलेल्या कपाचा केला.

सातारची_डॉक्टर

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून थोडं लिहिते. न चुकता विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "चांगल्या स्थितीतला जुना कप बहिणीला किंवा कामवाल्या मावशींना उकळून देऊ का?" नको. घरच्या उकळण्याने बहुतेक जंतू मरतात, पण रुग्णालयातल्या निर्जंतुकीकरणासारखी त्याची खात्री नसते, आणि डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात. मदत करायची तर नवा घेऊन द्या.

दुसरं, तुमचा कप आमच्या दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायला आणू नका. दोघीतिघींनी चांगल्या भावनेने विचारलं आहे. जैववैद्यकीय कचऱ्याची भट्टी दवाखान्यांतल्या कचऱ्यासाठी आहे, तिथे वजनावर पैसे जातात, आणि स्वच्छ कपाला तिची गरजच नाही.

ज्या अजून कप घ्यायचा की नाही या विचारात आहेत त्यांच्यासाठी: 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१९ साली ४३ अभ्यास आणि ३३१९ स्त्रिया-मुलींच्या अनुभवांचा आढावा आला होता. गळती पॅड किंवा टॅम्पॉनइतकीच किंवा कमी, आणि सवय झाल्यावर साधारण ७० टक्के जणींना वापर चालू ठेवायचा होता. तांबी (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन) बसवली असेल तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, कप काढताना आतली पकड आधी सोडवणं फार महत्त्वाचं आहे.

अनघा_कोथरूड

डॉक्टरांनी 'नवा घेऊन द्या' म्हटलंय त्यावरून एक विषय मांडते, तो मला सतावतो आहे. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात कुंबळंगी या गावात २०२२ मध्ये सुमारे ५००० कप वाटले आणि गाव पॅडमुक्त जाहीर झालं. फार मोलाचं काम. आपल्याकडेही संस्था आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीतून वाटप वाढतंय. हे सगळे कप एकाच सुमारास म्हातारे होणार. गावात पाच हजार कप बाद होतील तेव्हा शंभर किलोच्या आसपास एकाच जातीचं, स्वच्छ सिलिकॉन एका जागी उपलब्ध असेल. वर बेलापूरपट्टीने सांगितलं ना, पुनर्वापराला एकजात माल लागतो. इथे तो आयता आहे, फक्त गोळा करणारं कुणी हवं.

उत्पादकांवर परत घेण्याची कायदेशीर जबाबदारी प्लास्टिकची वेष्टनं, बॅटऱ्या, टायर अशा ठरावीक वस्तूंसाठी आहे. त्यात कप येतो असं माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून आपण ग्राहकांनीच विचारायला हवं. मी माझ्या कपाच्या कंपनीला ईमेल लिहिलाय: नवा कप घेताना जुना परत घ्याल का, साठवून सिलिकॉन कारखान्याकडे द्याल का. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहीन. तुम्हीही आपापल्या कंपन्यांना लिहा. वाटप करणाऱ्या संस्थेत कुणी असेल तर वाटतानाच परतीची तारीख आणि डबा ठरवा.

गोदाकाठ

अनघाताई, हे पटलं. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. एका घराचा कप वीस ग्रॅम, पण गावाचा शंभर किलो. मुलीला आजच ईमेल लिहायला सांगतो, मीही सही करतो.

हिरण्यकेशी

फार चांगला धागा, उशिरा आले. मी गडहिंग्लज-आजरा भागात आशाताई आणि बचत गटांसाठी मासिक पाळीवर सत्रं घेते. तुम्हा सगळ्यांकडे एक मागणं आहे.

माझ्याकडे दाखवायला एकच कप आहे आणि समोर चाळीस बाया. चित्र दाखवून काही होत नाही. कप हातात घेऊन दाबून बघितला, घडी घालून सोडल्यावर तो 'टप्' करून उघडताना पाहिला की चेहऱ्यावरची भीती जाते. मागे बसलेल्या जणींपर्यंत तो पोचेपर्यंत सत्र संपतं. तुमचे बाद झालेले कप मला पाठवाल का? पिवळे पडलेले, दांडी कापलेले, वेगवेगळ्या मापांचे, सगळे चालतील.

सातारची_डॉक्टर

हिरण्यकेशी, ही कल्पना मला सगळ्यात आवडली. फक्त पाठवणाऱ्यांनी उकळून, पूर्ण वाळवून पाठवावा, आणि तळाला पंचने एक मोठं भोक पाडावं, म्हणजे चुकूनही कुणी वापरणार नाही. तुम्ही प्रत्येक सत्रानंतर साबणाने धुऊन पुन्हा उकळा.

रानजाई

हिरण्यकेशी, माझा चिरलेला आणि चिकट आहे, हातात घ्यायला चांगला वाटणार नाही, म्हणून तो तुकडे करून आमच्या ताईंना सांगून सुक्यातच देते. पण बहिणीचा मोठ्या मापाचा एक आहे, बाळंतपणानंतर माप बदललं म्हणून बाजूला पडलेला. तो भोक पाडून पाठवते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

सह्यकन्या

माझा टीपीईचा चालेल का? आणि तो रबरी?

हिरण्यकेशी

रानजाई, व्यनि केला आहे. सह्यकन्या, दोन्ही पाठवा, तीन प्रकारचे कप शेजारी ठेवून दाखवता येतील. रबरी मात्र वेगळ्या पिशवीत घाला, काहींना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असते, तो मी हाताळायला देणार नाही, लांबूनच दाखवेन. प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी ठेवा: कप कशाचा आहे, माप कोणतं आणि साधारण किती वर्षं वापरला. "किती वर्षं टिकतो?" हा प्रश्न प्रत्येक सत्रात येतो, आणि कंपनीच्या पत्रकापेक्षा बायकांचा विश्वास दुसऱ्या बाईच्या अक्षरावर जास्त बसतो.